फॉर्म बी भरायला घेण्याआधी: प्राणी-प्रयोगांची नीतिसमिती आणि तिच्यापुढे जाण्याची तयारी

एम.फार्म.ची सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, उघडली की एक वाक्य हमखास भेटतं: ‘३६ विस्टार रॅट्स, सहा गट, प्रत्येक गटात सहा.’ सहाच का, असं विचारलं की मुलं एकमेकांकडे बघायला लागतात. सीनियरने सहा घेतले होते आणि गाईडच्या पीएच.डी.तही सहाच होते, एवढंच कारण असतं. नीतिसमितीचं खरं काम इथून सुरू होतं. प्रत्येक आकड्यामागे, प्रत्येक सुईमागे कारण आहे का, हे ती तपासते. ज्याला ते कारण सांगता येतं त्याचा प्रयोगही सुधारतो. समितीच्या बैठकांना बसणाऱ्या आणि मुलांकडून प्रोटोकॉल लिहून घेणाऱ्या माणसाला हे पुन्हा पुन्हा दिसतं, म्हणून हा लेख सविस्तर लिहिला आहे. तो मुख्यतः फार्मसी, वैद्यकीय आणि जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. समितीवर नव्याने नेमल्या गेलेल्या, विज्ञानाबाहेरच्या सदस्यांनीही तो वाचावा.

नेहमीचं उदाहरण घेऊन पुढे जाऊ: जांभळाच्या बियांचा अर्क आणि मधुमेह केलेले रॅट्स. आपल्याकडे हा विषय इतक्या कॉलेजांत होतो की यात बहुतेकांना आपला प्रोटोकॉल दिसेल.

समिती कुठून आली आणि तिच्यात कोण असतं

मूळ कायदा १९६० चा, प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा. राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी या विषयाचा पाठपुरावा केला आणि त्यातून तो उभा राहिला. त्याचं कलम १४ प्रयोगांना परवानगी देतं, पण हेतू बांधून देतं: शरीरक्रियेविषयी नवं ज्ञान, जीव वाचवण्यासाठी किंवा वाढवण्यासाठी, वेदना कमी करण्यासाठी किंवा माणूस, प्राणी, वनस्पती यांच्या रोगाशी लढण्यासाठी उपयोगी पडेल असं ज्ञान. कलम १५ खाली केंद्रीय समिती आहे. तिचं जुनं नाव सीपीसीएसईए, आताचं सीसीएसईए. बोलण्यात अजून जुनंच चालतं आणि जुन्या छापील फॉर्मवरही तेच सापडतं. सध्या ती केंद्राच्या पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय विभागाखाली येते. प्राण्यांची पैदास आणि प्रयोग यांचे नियम १९९८ मध्ये आले, पुढे २००१ आणि २००६ मध्ये त्यांत दुरुस्त्या झाल्या. संस्थेने नोंदणी केल्याशिवाय आणि संस्थेची स्वतःची नीतिसमिती असल्याशिवाय प्रयोग करता येत नाही.

संस्थेच्या समितीत आठ जण असतात. पाच संस्थेतले: एक जीववैज्ञानिक, वेगवेगळ्या जीवशास्त्रीय शाखांतले दोन वैज्ञानिक, प्राण्यांची काळजी घेणारा पशुवैद्य आणि ॲनिमल हाऊसचा प्रमुख वैज्ञानिक. उरलेले तिघे बाहेरचे: केंद्रीय समितीचा प्रतिनिधी, ज्याला सगळे ‘मेन नॉमिनी’ म्हणतात, दुसऱ्या संस्थेतला एक वैज्ञानिक, आणि विज्ञानक्षेत्रातला नसलेला, समाजभान असलेला एक सदस्य. मेन नॉमिनी येऊ शकला नाही तर लिंक नॉमिनी येतो. दोघांपैकी एकही नसेल तर बैठक धरता येत नाही. म्हणून बैठकीची तारीख कॉलेजच्या सोयीने नाही, नॉमिनीच्या सोयीने ठरते. सिनॉप्सिस जमा करण्याची मुदत जवळ आल्यावर जागं होणाऱ्यांची इथेच अडचण होते.

रॅट, माइस, ससा, गिनी पिग, हॅमस्टर यांच्यासाठी संस्थेच्या समितीची मंजुरी पुरते. कुत्रा, मांजर, माकड, डुक्कर, शेळी-मेंढी, घोडा, गाय अशा मोठ्या प्राण्यांसाठी संस्थेची समिती फक्त शिफारस करते, मंजुरी केंद्रीय समितीकडून येते आणि त्याला वेळ लागतो. झेब्राफिश वापरणारे ‘मासाच आहे’ म्हणून समितीला वगळू पाहतात. कायद्याच्या व्याख्येत माणूस सोडून कोणताही जिवंत जीव प्राणी आहे, तेव्हा आधी समितीला विचारा.

पहिली पायरी: प्राणी लागतोच का?

फॉर्म बी म्हणजे प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज. तो भरताना विद्यार्थी शीर्षकापासून सुरुवात करतात. मी म्हणेन, पर्यायांच्या रकान्यापासून करा. प्राण्यांऐवजी दुसरं काही चालेल का, हा प्रश्न त्यात आहे, आणि त्यावर ‘सजीव शरीरातील परिणाम अभ्यासण्यासाठी प्राणी आवश्यक आहेत’ हे एकच वाक्य कॉपी होऊन फिरत असतं. या वाक्यावर कोणतीही जागरूक समिती थांबते.

विल्यम रसेल आणि रेक्स बर्च या दोन ब्रिटिश वैज्ञानिकांनी १९५९ मध्ये तीन तत्त्वं मांडली: प्राण्यांऐवजी दुसरी पद्धत वापरणं, प्राण्यांची संख्या कमी करणं, आणि त्रास कमी होईल अशी पद्धत सुधारणं. भारतात त्यात चौथं जोडलं गेलं ते पुनर्वसनाचं. प्रयोगातून वाचलेल्या प्राण्याची पुढची काळजी हा संशोधनाच्या खर्चाचाच भाग धरायचा, असा त्याचा अर्थ. कुत्रे, माकडं, घोडे यांच्या बाबतीत हा मुद्दा फार मोठा आहे.

आपल्या उदाहरणात पहिला प्रश्न अगदी साधा. जांभळाच्या बिया आणि मधुमेही रॅट्स यांवर आधीच अनेक शोधनिबंध आहेत. मग तुम्ही नवं काय शोधणार? दुसरा विद्रावक वापरला, एवढ्याने भागत नाही. एखादं विशिष्ट घटकद्रव्य वेगळं केलं असेल, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाबरोबर दिल्यावर काय होतं हे पाहायचं असेल, किंवा आधीच्या अभ्यासांत खरोखर राहून गेलेली एखादी गोष्ट तपासायची असेल, तर बोलणं पुढे सरकतं. नुसती पुनरावृत्ती असेल तर मंजुरी देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी उत्तर मिळालेल्या प्रश्नासाठी जीव घेणं कलम १४ च्या हेतूत बसवता येत नाही.

दुसरा प्रश्न: काचेच्या भांड्यात काय करून झालंय? अल्फा-ग्लुकोसिडेज आणि अल्फा-अमायलेज ही पिष्ट पचवणारी विकरं रोखण्याची चाचणी कोणत्याही साध्या फार्मसी कॉलेजात होते. एल-सिक्स स्नायूपेशींमध्ये ग्लुकोज किती शोषलं जातं, हे पाहता येतं. पेशींसाठी पुण्यातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राची पेशीपेढी आहे. पाच अर्क असतील तर पाचही रॅट्सना पाजण्याची गरज नाही. पेशींवर चाळून एक किंवा दोन पुढे न्या. हे करून आलेल्या विद्यार्थ्याचा अर्ज समितीत वेगळाच वाचला जातो.

शिकवण्यासाठीच्या प्रयोगांचा प्रश्न तर जवळपास मिटलेलाच आहे. कलम १७ मध्येच म्हटलंय की पुस्तकं, प्रतिकृती, चित्रफिती यांनी काम भागत असेल तर महाविद्यालयांत प्राण्यांवर प्रयोग टाळावेत, आणि केवळ हात बसावा म्हणून प्रयोग करू नयेत. पुदुच्चेरीच्या जिपमरमध्ये तयार झालेलं ‘एक्सफार्म’ हे सॉफ्टवेअर त्यासाठीच आहे. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरची चाचणी भारतात २०१४ पासून बंद आहे, तेव्हा तसा प्रस्ताव घेऊन जाऊच नका. आणि २०२३ मध्ये नवीन औषधांच्या नियमांत बदल होऊन पेशींवर आधारित आणि इतर प्राणीविरहित पद्धतींनाही जागा मिळाली आहे. ‘नियमच प्राणी मागतो’ हे उत्तर आता पूर्वीसारखं ठामपणे देता येत नाही.

दुसरी पायरी: आकडा

१९९८ च्या नियमांत अट आहे की सांख्यिकीदृष्ट्या ९५ टक्के विश्वासाने निष्कर्ष निघेल इतकेच, म्हणजे कमीत कमी, प्राणी वापरावेत. म्हणून संख्या सुचली तशी लिहायची नसते, ती काढून दाखवायची असते.

आधीच्या अभ्यासातून सरासरी आणि प्रमाण विचलन मिळत असेल तर पॉवर, म्हणजे खरोखर फरक असेल तर तो प्रयोगात सापडण्याची शक्यता, काढा. त्यासाठी मोफत सॉफ्टवेअर मिळतं. साधारण ८० टक्के पॉवर, ०.०५ अल्फा (नसलेला फरक दिसण्याच्या चुकीची मर्यादा), आणि रक्तशर्करेत किती फरक पडला तर तो वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचा मानायचा, हे तीन आकडे लिहा. तिसरा आकडा तुमच्या समजेवर ठरतो आणि समिती नेमका तोच विचारते.

माहिती मिळतच नसेल तर रिसोर्स इक्वेशन वापरता येतं: एकूण प्राण्यांतून गटांची संख्या वजा करायची, उत्तर १० ते २० च्या दरम्यान यायला हवं. सहा गट, प्रत्येकी सहा, म्हणजे ३६ वजा ६, ३०. हे जास्त झालं. आता गट तपासू. निरोगी, मधुमेही पण उपचार न केलेला, मेटफॉर्मिनचा, अर्काच्या कमी मात्रेचा आणि जास्त मात्रेचा, असे पाच गट पुरतात. मधली मात्रा ‘असावी म्हणून’ घातलेली असते. पाच गट, प्रत्येकी पाच: २५ वजा ५, २०. बसलं.

मधुमेह करताना काही प्राणी दगावतात, काहींची साखर पुरेशी चढत नाही. ही गळती धरावी लागते, पण सगळ्या गटांत सरसकट नाही. निरोगी गटाला गळतीचं कारणच नाही, तिथे ५. मधुमेही चार गटांचे मिळून २० हवेत. १५ टक्के गळती धरली तर २० भागिले ०.८५, म्हणजे २४. एकूण २९. अर्काची सुरक्षितता आधी तपासलेली नसेल तर तीव्र विषारीपणाची चाचणी येते. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ४२३ क्रमांकाच्या पद्धतीत एका टप्प्याला तीन प्राणी लागतात, बहुधा माद्या. २००० मिलिग्रॅम प्रतिकिलोची मर्यादा-चाचणी केली तर सहा. म्हणजे ३५. ढोबळ आकडे म्हणून ५० लिहून आणणाऱ्याला इथे १५ प्राणी वाचवता येतात. त्याच अर्काची विषारीपणाची माहिती प्रसिद्ध असेल तर ते सहाही वाचतात.

या संदर्भात एक खोड अजून दिसते: एलडी-५० काढतो म्हणणं. निम्मे प्राणी मरेपर्यंत मात्रा वाढवत नेणारी ओईसीडीची ४०१ क्रमांकाची जुनी पद्धत २००२ मध्येच रद्द झाली. ती प्रोटोकॉलमध्ये लिहिणं म्हणजे वीस वर्षांहून जुनी पुस्तकं चाळल्याचा पुरावा.

कोणता प्राणी कोणत्या गटात जाणार, हे यादृच्छिक पद्धतीने कसं ठरवणार आणि मोजमाप करणाऱ्याला गट माहीत नसेल याची व्यवस्था कशी करणार, हेही याच भागात लिहा. पिंजऱ्यातून जो रॅट पटकन हातात येतो तो पहिल्या गटात टाकला की मंद आणि दुबळे प्राणी शेवटच्या गटात साचतात. मग निष्कर्ष बिघडतो आणि प्राण्यांचा जीव फुकट जातो.

तिसरी पायरी: प्राण्याचा दिवस लिहून काढा

अर्जाचा हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि सगळ्यात उरकून टाकलेला. ‘स्ट्रेप्टोझोटोसिनने मधुमेह निर्माण केला जाईल, २८ दिवस अर्क दिला जाईल, नंतर प्राणी सॅक्रिफाइस केले जातील.’ या वाक्यात रॅट कुठेच नाही. माझा आग्रह असतो की विद्यार्थ्याने कोरा कागद घ्यावा आणि एका रॅटचं आयुष्य आल्या दिवसापासून शेवटपर्यंत तासांत लिहावं.

तसं लिहायला बसलं की गोष्टी आपोआप समोर येतात. स्ट्रेप्टोझोटोसिन सायट्रेट बफरमध्ये, पीएच ४.५, अगदी ऐनवेळी मिसळून पोटाच्या पोकळीत टोचतात. ते स्वादुपिंडाच्या बीटा पेशी मारतं. मरणाऱ्या पेशींतून इन्सुलिन एकदम बाहेर पडतं आणि पहिल्या दिवसात साखर धोकादायक खाली येते. बरेच रॅट्स मधुमेहाने नाही, या घसरणीने मरतात. उपाय स्वस्त आहे: पहिल्या रात्री बाटलीत साध्या पाण्याऐवजी ५ किंवा १० टक्के ग्लुकोजचं पाणी. प्रोटोकॉलमध्ये ही एक ओळ असली की गळतीचा अंदाज कमी होतो, आणि मागितलेल्या प्राण्यांची संख्याही.

७२ तासांनी साखर तपासली. मधुमेह झाला. आता या रॅटला प्रचंड तहान लागते आणि तो भरपूर लघवी करतो. निरोगी रॅट्सच्या पिंजऱ्यातलं बेडिंग आठवड्यातून दोनदा बदललं तर चालतं. इथे सकाळी टाकलेला भुसा संध्याकाळी चिप्प ओला असतो. ओल्या भुशात बसून पायाच्या तळव्यांना आणि पोटाला जखमा होतात, अमोनियाने डोळे चुरचुरतात. तेव्हा लिहा: मधुमेही गटांचं बेडिंग रोज बदलणार, पाण्याच्या दोन बाटल्या लावणार, बाटल्या सकाळ-संध्याकाळ बघणार. रात्री बाटली रिकामी झाली तर मधुमेही रॅटची सकाळपर्यंत काय अवस्था होईल, याचा विचार अर्ज लिहितानाच व्हायला हवा. बेडिंग जास्त लागणार म्हणजे खर्च जास्त, तोही आधीच धरावा.

रोजचं ओरल डोसिंग. गोल टोकाची गॅव्हाजची, म्हणजे तोंडातून थेट जठरात औषध सोडायची सुई, मात्रेचं आकारमान साधारण १० मिलिलिटर प्रतिकिलोपर्यंत, म्हणजे २५० ग्रॅमच्या रॅटला अडीच मिलिलिटर. हात बसलेला नसेल तर अर्क फुफ्फुसात जातो आणि प्राणी गुदमरून मरतो. सुई कोण धरणार, तो कोणाकडे शिकला, हे नावासह लिहा. डोसिंग सुरू होण्याआधी आठवडाभर रोज हाताळलेला रॅट शांत राहतो. पहिल्याच दिवशी मानेला धरलेला ओरडतो, चावतो आणि त्याची साखरही ताणामुळे वर जाते.

रक्त. साखरेला शेपटीच्या टोकाचा एक थेंब पुरतो, ग्लुकोमीटरला तेवढंच लागतं. तरीही दर आठवड्याला डोळ्याच्या मागून रक्त काढायचं लिहिलेलं असतं, कारण तसं छापून आलेलं आहे. डोळ्यामागून काढणं टाळता येत नसेल तर भूल देऊनच, आणि पुन्हा पुन्हा त्याच डोळ्यातून नाही. हिशेबही मांडा: रॅटच्या शरीरात किलोमागे साधारण ६४ मिलिलिटर रक्त असतं, २५० ग्रॅमच्या रॅटमध्ये १६ मिलिलिटर. एका वेळी त्याच्या १० टक्क्यांपलीकडे जायचं नाही, म्हणजे १.६ मिलिलिटर. लिपिड, क्रिएटिनिन आणि यकृताच्या चाचण्या शेवटच्या दिवशी खोल भुलीत काढलेल्या रक्तावर होतात.

उपाशी ठेवणं हा शब्दही सहज लिहिला जातो. पाणी कधीही बंद करायचं नाही. माइस मुख्यतः रात्री खातात, त्यामुळे त्यांना रात्रभर उपाशी ठेवणं म्हणजे आपण समजतो त्यापेक्षा बरंच कठोर. त्यांच्यासाठी चार ते सहा तास बहुतेक वेळा पुरतात.

भूल आणि वेदनाशामक यांचा रकाना रिकामा सोडू नका. केटामिन आणि झायलाझिन ही जोडी रॅट्समध्ये सर्रास वापरतात. मात्रा मिलिग्रॅम प्रतिकिलोत लिहा, भूल पुरेशी चढली हे कसं तपासणार ते लिहा, आणि शुद्धीवर येईपर्यंत अंग गरम कसं ठेवणार तेही. ईथरची बाटली अजून काही प्रयोगशाळांच्या कपाटात असते. ती पेटते, श्वासमार्गाला जळजळ करते. ती बाहेर काढा. वेदनाशामक देणार नसाल तर वैज्ञानिक कारण द्या. ‘लागू नाही’ हे कारण होत नाही.

मग येतो तो प्रश्न ज्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो: कधी थांबणार? मधुमेही, उपचार न केलेला गट हा या प्रयोगात सगळ्यात जास्त सोसणारा गट. तो शेवटपर्यंत आजारी राहतो, कारण त्याचं काम तेच आहे. या गटातला प्राणी कुठल्या क्षणी प्रयोगातून काढून वेदनारहित मरण द्यायचं, हे आधी ठरलेलं असलं पाहिजे. वजन सुरुवातीच्या २० टक्क्यांनी घटलं, पाठ कुबडी करून कोपऱ्यात बसतोय, केस विस्कटलेले आणि तेल नसल्यासारखे, हात लावला तरी हलत नाही, खाणं-पिणं बंद. यांतली कोणती लक्षणं, किती, आणि निर्णय कोण घेणार? उत्तर ‘पशुवैद्य, विद्यार्थ्याच्या संमतीशिवायही’ असं असावं. प्राणी मेला की नोंदवू, हा निकष चालत नाही. त्याला जोडून विचारा: रविवारी कोण बघणार? दिवाळीच्या सुट्टीत? विद्यार्थी गावी जातो, ॲनिमल हाऊसचा मदतनीस एकटा असतो, आणि त्याला निकष कुणी सांगितलेलेच नसतात. निकषांचा कागद मराठीत लिहून पिंजऱ्यांच्या खोलीत लावा, खाली दोन मोबाइल नंबर. विदर्भातल्या कॉलेजांनी एप्रिल-मे महिन्यांत वीज गेली तर एसी आणि हवा खेळती ठेवण्याचं काय, जनरेटर किती वेळात सुरू होतो, हेही लिहावं. रॅटला घाम येत नाही, बंद खोलीत तो लवकर तापतो.

शेवट कसा करणार? कार्बन डायऑक्साइड वापरणार असाल तर आधीच भरलेल्या पेटीत प्राणी टाकायचा नाही. पेटीत प्राणी ठेवून वायू हळूहळू सोडायचा, मिनिटाला पेटीच्या आकारमानाच्या ३० ते ७० टक्के. नाहीतर भुलीच्या औषधाची जादा मात्रा. मृत्यू झाल्याची खात्री दुसऱ्या एका खुणेने करायची. शव पिवळ्या पिशवीत, जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे.

चौथी पायरी: बैठक

प्रस्ताव सदस्यांना आधी पाठवा, आदल्या रात्री नाही. बैठकीत पाच-सात मिनिटं मिळतात, त्यांत वनस्पतीच्या गुणधर्मांवर चार मिनिटं घालवू नका. प्रश्न काय, प्राणी का, किती, त्यांना काय होणार, कधी थांबणार. या क्रमाने बोला.

विज्ञानाबाहेरच्या सदस्यासाठी साध्या मराठीत अर्धं पान लिहून न्या. उदाहरणार्थ: ‘आम्ही २९ पांढऱ्या उंदरांवर अभ्यास करणार आहोत. त्यांतल्या २४ जणांना एक इंजेक्शन देऊन मधुमेह केला जाईल. त्यांना खूप तहान लागेल, वजन कमी होईल. रोज एकदा तोंडावाटे औषध पाजलं जाईल, आठवड्यातून एकदा शेपटीला सुई टोचली जाईल. २८ दिवसांनी भूल देऊन सगळ्यांना मारलं जाईल. त्याआधी कुणाची प्रकृती फार बिघडली तर त्याला लगेच वेदनारहित मरण दिलं जाईल.’ यात काही लपवलेलं नाही. हे वाचून जो सदस्य प्रश्न विचारतो, तो वैज्ञानिकांच्या नजरेतून सुटलेलं नेमकं धरतो. एका बैठकीत अशाच सदस्य बाई म्हणाल्या, ‘पण यातला सगळ्यात आजारी गट २८ दिवस कशाला? २१ दिवसांत उत्तर मिळत नाही का?’ गाईडने पुन्हा पाहिलं, आधीच्या अभ्यासांत तिसऱ्या आठवड्यालाच फरक स्पष्ट होता. प्रयोग एका आठवड्याने लहान झाला.

ज्याचा प्रस्ताव चर्चेला आहे तो गाईड समितीचा सदस्य असेल तर त्याने त्या चर्चेपुरतं बाहेर जायचं आणि इतिवृत्तात तशी नोंद व्हायची. हे फार ठिकाणी पाळलं जात नाही, आणि खोलीतल्या बाकीच्यांना त्यामुळे मोकळेपणाने बोलता येत नाही. सुधारणा सुचवून परत पाठवलेला अर्ज म्हणजे नकार नव्हे. बहुतेक चांगले प्रोटोकॉल एकदा परत गेलेले असतात.

समितीवर नव्याने आलेल्यांना एक सांगणं: तुम्हाला औषधशास्त्र कळत नाही याचा संकोच बाळगू नका, तुमची जागा कायद्याने त्याचसाठी ठेवली आहे. कळलं नाही तर कळेपर्यंत विचारा, आणि बैठकीनंतर चहा होण्याआधी ॲनिमल हाऊसमध्ये जाऊन या. वास कसा आहे, बाटल्यांत पाणी आहे का, पिंजऱ्याच्या चिठ्ठीवर मंजुरी क्रमांक आहे का, एकेकटे ठेवलेले प्राणी किती आणि का. रॅट कळपात राहणारा प्राणी आहे. एकटा ठेवायचा तर कारण लागतं. तासाला १२ ते १५ वेळा हवा बदलली पाहिजे, उजेड-अंधार बारा-बारा तासांचा. हे कागदावर बरोबर असतं. प्रत्यक्षात टायमर बंद पडलेला असतो आणि ट्यूबलाइट रात्रभर चालू.

पाचवी पायरी: मंजुरीनंतर

मंजुरी क्रमांक मिळाला की काम संपलं, असा समज सगळ्यात नुकसान करतो. प्राणी नोंदणीकृत पैदासकाकडूनच घ्या, पावती जपून ठेवा. आल्यावर किमान आठवडाभर त्यांना नव्या जागेत रुळू द्या. आणलेले, वापरलेले आणि मेलेले प्राणी फॉर्म डीमध्ये त्या त्या दिवशी नोंदवा. महिन्याच्या शेवटी एका बैठकीत, एकाच पेनाने भरलेली नोंदवही तपासणाऱ्याला लगेच ओळखू येते.

मात्रा बदलली, प्राणी वाढले, रक्त काढण्याची जागा बदलली, नवा विद्यार्थी सुई धरणार असेल, तर समितीकडे दुरुस्तीचा अर्ज द्या आणि मंजुरी येईपर्यंत थांबा. अनपेक्षित मृत्यू झाले तर त्याच दिवशी पशुवैद्याला कळवा, शवविच्छेदन करून घ्या. लागोपाठ दोन-तीन रॅट डोसिंगनंतर मेले आणि फुफ्फुसात अर्क सापडला, तर दोष अर्काचा नाही, हाताचा आहे. हे पहिल्याच मृत्यूला कळलं तर बाकीचे वाचतात.

समितीला काम मध्येच थांबवता येतं. केंद्रीय समिती कलम १९ खाली प्रयोगांवर बंदी घालू शकते, संस्थेची नोंदणी स्थगित किंवा रद्द होऊ शकते. कायद्यातला दंड मात्र कलम २० नुसार जास्तीत जास्त २०० रुपये, १९६० पासून तोच. म्हणून दंडाच्या भीतीवर विसंबून चालणार नाही. समितीचे आठ जण किती बारकाईने बघतात, यावरच सगळं टिकून आहे. ज्यांना पुढे परदेशी जायचं आहे त्यांनी ही सवय इथेच लावून घ्यावी. अमेरिकेत विद्यापीठाची समिती प्रशिक्षण पूर्ण झाल्याशिवाय प्राण्याला हात लावू देत नाही, आणि ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्याखाली संस्थेचा, प्रकल्पाचा आणि प्रयोग करणाऱ्या माणसाचा असे तीन वेगळे परवाने लागतात.

प्रबंध आणि शोधनिबंध लिहिताना ‘अराइव्ह’ या प्राणी-प्रयोगांची माहिती कशी मांडावी याच्या मार्गदर्शक सूचना समोर ठेवा. त्यांची सुधारित आवृत्ती २०२० ची आहे. मंजुरी क्रमांक तर लिहायचाच, शिवाय किती प्राणी घेतले, किती वगळले, का वगळले, किती मेले, गट कसे पाडले, मोजणाऱ्याला गट माहीत होता का, हे सगळं लिहा. अर्काचा परिणाम दिसला नाही तर तेही छापायचा प्रयत्न करा, नाहीतर पुढच्या वर्षी दुसऱ्या जिल्ह्यातला दुसरा विद्यार्थी त्याच प्रश्नासाठी पुन्हा २९ रॅट्स मागेल. समितीला अंतिम अहवाल द्या, त्यात मंजूर आकडा आणि प्रत्यक्ष वापरलेला आकडा शेजारी-शेजारी लिहा. फरक असेल तर कारण द्या. न वापरलेले निरोगी प्राणी उरले असतील तर ते पैदाशीसाठी किंवा दुसऱ्या मंजूर प्रकल्पाला देता येतील का, हे त्याच अहवालात समितीला विचारा.